पुष्टीपूर्वी बदलणारे व्यवहार : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

बिटकॉइनमध्ये पाठवलेला, पण अजून ब्लॉकमध्ये, म्हणजे कायम नोंदवहीच्या पानात, न गेलेला (पुष्टी न झालेला) व्यवहार जास्त फी देऊन बदलता येतो. ‘रिप्लेस बाय फी’ या नावाने ओळखली जाणारी ही सोय, माल हाती आल्यावर पैसे परत स्वतःकडे फिरवू देऊन, विक्रेत्यांची फसवणूक घडवते, तेव्हा ती कायद्यानेच बंद करावी, अशी मागणी होत असते. मागणीमागचा कळवळा खरा आहे; निदान मात्र चुकले आहे.

व्यवहार पाठवला की तो आधी नोडच्या (जाळ्यातल्या संगणकाच्या) मेमपूलमध्ये, म्हणजे प्रतीक्षायादीत, जातो. ही यादी साऱ्या जगाची मिळून एक नसते. प्रत्येक नोडची आपापली असते, आणि त्यांतला कोणता व्यवहार ब्लॉकमध्ये घ्यायचा हे मायनर, म्हणजे ब्लॉक तयार करणारा, ठरवतो. ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी तयार होतो. ‘आधी दिसला तो खरा’ हा संकेत पुष्कळ नोड वर्षानुवर्षे पाळत आले, पण तो शिष्टाचार होता, प्रोटोकॉलचा नियम नव्हे. जास्त फीचा दुसरा व्यवहार कोणी थेट मायनरकडे पोचवला, तर त्याला अडवणारे काहीही नव्हते आणि आजही नाही. २०१८ मध्ये कॅनडात बिटकॉइन एटीएममधून पुष्टीपूर्वी रोख रक्कम काढून घेऊन मूळ व्यवहार फिरवले गेले, ते याच फटीतून.

बदलाची कल्पनाही नवी नाही. ती मूळ सॉफ्टवेअरमध्येच होती. फुकट बदलांचा मारा करून जाळे तुंबवता येईल म्हणून २०१० मध्ये ती काढली गेली. २०१५ च्या अखेरीस बिप १२५ या सुधारणा-प्रस्तावाने ती दोन मुख्य अटींसह परत आणली : मूळ व्यवहारावर बदलाची खूण असावी आणि नव्याची एकूण फी जास्त असावी. फीच्या अटीमुळे मारा महाग झाला. २०२२ मध्ये बिटकॉइन कोअर या मुख्य नोड-सॉफ्टवेअरच्या २४ व्या आवृत्तीत खूण न पाहण्याचा पर्याय आला आणि २०२४ मध्ये, २८ व्या आवृत्तीत, तोच मूळ सेटिंग झाला. खूण नसलेल्या व्यवहारावर विसंबून तत्काळ माल देणाऱ्यांचा धंदा यामुळे अडचणीत आला, ही तक्रार मी खोटी मानत नाही. पण फी अचानक चढते तेव्हा कमी फीचा व्यवहार दिवसेंदिवस लटकतो, आणि पाठवणाऱ्याला त्यातून सुटण्याचा सरळ मार्ग हाच आहे. बंदी घातली, तर प्रामाणिक माणसाचा हा मार्ग जाईल. लबाडाला मात्र सीमेपलीकडचा मायनर मिळेलच. त्याहून वाईट म्हणजे, सरकारने बंदी घातली आहे म्हणून विक्रेता निर्धास्त होईल.

म्हणून आपण बदलाच्या सोयीवर नव्हे, तर ‘रक्कम मिळाली’ या शब्दांवर नियम करावा. एक्स्चेंज व देयक सेवांनी पुष्टीपूर्वी रक्कम जमा दाखवू नये. ‘पुष्टी बाकी’ असे स्पष्ट लिहावे आणि किती पुष्ट्यांनंतर (म्हणजे किती ब्लॉक झाल्यावर) जमा धरणार, हे रकमेनुसार आधीच जाहीर करावे. लहान रकमेसाठी थांबणे ज्यांना परवडत नाही, त्यांना लाइटनिंगचा, म्हणजे ब्लॉकची वाट न पाहता पैसे पोचवणाऱ्या बिटकॉइनवरच्या जाळ्याचा, पर्याय आहे. तरीही कोणी पुष्टीआधी माल दिला, तर तो उधारीचा व्यवहार धरावा आणि त्यातले नुकसान त्या सेवेने सोसावे, इतर खातेदारांच्या ठेवींतून ते भरून काढू नये, एवढे कलम नियमांत घालावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नागरिक