दाढेचे दुखणे आणि आजार उलटण्याची भीती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंचे आवरण झिजण्याचा आजार) होऊन नऊ वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात तिची दाढ ठणकू लागली, तेव्हा न्यूरोलॉजिस्टचे पत्र आणल्याशिवाय हात लावणार नाही, असे दातांच्या डॉक्टरांनी सांगितले. न्यूरोलॉजिस्टची वेळ मिळाली पाच आठवड्यांनंतरची, आणि ‘दाढ काढली की आजार उलटतो’ असे बजावून घरातल्या जाणत्यांनी आमचा उरलासुरला धीरही घालवला. चौथ्या आठवड्यात गाल सुजला, ताप चढला आणि तिला पलंगावरून उठता येईना. आजाराचा नवा ॲटॅक समजून आम्ही स्टेरॉइडच्या सलाइनच्या तयारीत होतो. पण अँटिबायोटिकने ताप उतरला आणि दोन दिवसांत पायांत पूर्वीइतकी ताकद आली. शरीर तापले की आवरण झिजलेल्या मज्जातंतूंतून संदेश नीट जात नाहीत आणि जुनीच लक्षणे डोके वर काढतात. श्रमानंतर दृष्टी तात्पुरती मंदावण्याच्या स्वरूपात जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी हा प्रकार १८९० साली नोंदवला होता.

सर्दी-फ्लूसारख्या संसर्गानंतर खरा ॲटॅक येण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसले आहे. दाढ काढल्याने किंवा बधिरतेच्या इंजेक्शनने तो येतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. म्हणजे भ्यायचे ते पू साठू देण्याला.

न्यूरोलॉजिस्टचे पत्र निरर्थक आहे, असे मी म्हणत नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या रिटुक्सिमॅबचा डोस कधी झाला, स्टेरॉइडच्या गोळ्या किती महिने चालू आहेत, हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडसारखे औषध दिले आहे का (त्यानंतर दाढ काढल्यास जबड्याचे हाड क्वचित मृत होते), नसेच्या कळेवरचे कार्बामाझेपिन चालू असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक टाळावे, हे दातांच्या डॉक्टरांना कळायलाच हवे. शिवाय या आजारात चेहऱ्याच्या नसेची कळ हुबेहूब दाढदुखीसारखी येते आणि चांगली दाढ नाहक काढली जाते.

पण आम्हाला मिळालेले पत्र चार ओळींचे होते. तेवढी माहिती रुग्ण खुर्चीत असताना फोनवरही मिळू शकते. न्यूरोलॉजिस्टांनी ती प्रत्येक भेटीत केसपेपरवर लिहून द्यावी आणि दंतवैद्यांनी गाल सुजलेल्या रुग्णाला पत्रासाठी परत पाठवू नये, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत दोघांपर्यंत पोहोचावी.

आपला,
एक वाचक, सातारा