सांगितलेली जात, नोंदलेली जात: जनगणना आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
महानिबंधक आणि जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : २०२७ च्या जनगणनेत जात आणि लिंगओळख यांची नोंद, कोडिंग आणि तक्ते

महोदय,

जात मोजावी की नाही, हा वाद ३० एप्रिल २०२५ च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने मिटला. १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात जनगणनेत येणार आहे. आता उरलेला प्रश्न रुक्ष आहे : उत्तरांना द्यायच्या कोडची, म्हणजे ठरलेल्या क्रमांकांची, यादी कशी असेल, रकाने कसे पाडले जातील, तक्त्यांखाली कोणत्या टिपा येतील. सभागृहात यावर कोणी आवाज चढवणार नाही. पण आकडा बिघडतो तो इथेच. लोक खोटे सांगतात म्हणून गणना चुकते, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते त्याहून मोठी गडबड माणसाने उत्तर दिल्यानंतर आणि तक्ता छापला जाण्याआधी होते.

२०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना आठवा. १९३१ मध्ये देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. या गणनेत त्या ४६ लाखांवर गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनेच सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, महाराष्ट्राच्या अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी याद्यांत मिळून ४९४ जाती असताना गणनेत ४,२८,६७७ निघाल्या आणि त्यांतल्या जवळपास ९९ टक्के जातींची लोकसंख्या शंभराच्या आत होती. केरळच्या मलबारमधले मापिला मुस्लिम चाळीस प्रकारे लिहिले गेले आणि त्यांच्या चाळीस जाती झाल्या. कारण साधे होते. जातींची तयार यादी प्रगणकाच्या, म्हणजे घरोघरी नोंद करणाऱ्याच्या, हातात नव्हती. मोकळ्या रकान्यात कोणी आडनाव सांगितले, कोणी कूळ, कोणी पोटजात, कोणी धंदा, आणि जे ऐकू आले ते लिहिले गेले.

या वेळी मोबाइल अ‍ॅप आहे, तेव्हा ड्रॉपडाउनची, म्हणजे टाइप करताच खाली उघडणारी तयार नावांची, यादी हा उघड उपाय वाटतो. यादी हवीच. मात्र ती उलट्या बाजूने चुकवते. मोकळा रकाना एका जातीच्या चाळीस करतो. ड्रॉपडाउन दोन जातींची एक करतो. पहिली चूक तक्ता पाहताच डोळ्यांत भरते. दुसरी कधीच दिसत नाही, कारण तक्ता स्वच्छ असतो.

अ‍ॅपमध्ये ‘धनग’ एवढे टाइप केले की ‘धनगड’ आणि ‘धनगर’ एकाखाली एक येतील. ‘ओरांव, धनगड’ ही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतली ३६ वी नोंद. धनगर भटक्या जमातींच्या ‘क’ गटात. या शेवटच्या एका अक्षरावर राज्यात किती वर्षे आंदोलने आणि कोर्टकचेऱ्या चालल्या, हे आपल्याला सांगायला नको. उन्हात दिवसभर फिरलेल्या शिक्षकाचे बोट एक ओळ वर पडले की निकाल बदलला. रोमन कीबोर्डवर तर ळ आणि ल, ण आणि न यांतला फरकच उरत नाही. ‘कोळी’ एवढ्या उत्तरावर थांबणेही धोक्याचे : महादेव कोळी, मल्हार कोळी आणि टोकरे कोळी अनुसूचित जमातीत आहेत, किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. अशा नावांवर अ‍ॅपने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि पर्याय नुसते दाखवायचे नाहीत, प्रगणकाने ते वाचून दाखवायचे.

म्हणून आमची मुख्य मागणी एकच आहे. दोन रकाने ठेवा. एकात माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच लिपीत. दुसऱ्यात यादीतला कोड. पहिला रकाना कोणत्याही टप्प्यावर खोडता किंवा दुरुस्त करता येऊ नये. कोडिंग वादाचे ठरले तर दहा वर्षांनीही मूळ उत्तरावरून ते पुन्हा करता येईल. जिथे उत्तर यादीत सापडत नाही, तिथे दोन कोडर एकमेकांचे काम न पाहता कोड देतील आणि मतभेद झाल्यास तिसरा ठरवेल, ही पद्धत नवी नाही आणि फार महागही नाही.

प्रगणकाने प्रवर्ग मात्र विचारूच नये. प्रवर्ग हा माणसाचा गुण नाही, तो जागा आणि तारीख यांवर ठरतो. कैकाडी विदर्भातल्या ठरलेल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत, पण चंद्रपूरच्या राजुरा भागात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. बंजारा इथे विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. नाव आणि ठिकाण नीट नोंदले की प्रवर्ग संगणक नंतर लावू शकतो. उलटा प्रवास करता येत नाही.

नियम बदलला की आकडा कसा उडी मारतो, याचे उदाहरण याच राज्यात आहे. १९७१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे २९.५ लाख होती, १९८१ मध्ये ५७.७ लाख झाली. दहा वर्षांत जन्मांनी लोकसंख्या दुप्पट होत नसते. मधे अनुसूचित जाती-जमातींच्या याद्यांचा १९७६ चा दुरुस्ती कायदा आला, ठरावीक भागातच जमात मानण्याची क्षेत्राची अट गेली, आणि नावात साम्य असलेल्या समूहांच्या नोंदीही त्यात आल्याची तक्रार आजवर चालू आहे. अमेरिकेतही असेच झाले. एकाहून अधिक वंश सांगणाऱ्यांची संख्या २०१० मधल्या ९० लाखांवरून २०२० मध्ये ३.३८ कोटींवर गेली. त्यामागे प्रश्नाची मांडणी आणि हाताने लिहिलेल्या उत्तरांचे कोडिंग बदलले, हे मोठे कारण असल्याचे तिथल्या जनगणना विभागाने स्वतःच सांगितले. आपल्याकडे अशी टीप तक्त्याला चिकटलेली नसते. आकडा फिरत राहतो, टीप कुठल्यातरी अहवालात पडून राहते.

बौद्धांच्या नोंदीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५,३१,२०० बौद्ध होते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध व्यक्तीही अनुसूचित जातीत मोजली जाते, पण त्यासाठी यादीतले जातीचे नाव लागते. धर्म विचारला तर ‘बौद्ध’, जात विचारली तरी ‘बौद्ध’, असे उत्तर देणारी लाखो घरे आहेत. ते उत्तर चुकीचे नाही, ती भूमिका आहे. मग प्रगणक काय करतो? एक तर शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून अंदाजाने नाव भरतो, नाही तर अनुसूचित जातीचा रकाना रिकामा सोडतो. पहिल्यात माणसाचा अपमान आहे, दुसऱ्यात तालुक्याचा निधी घटतो. दोन रकान्यांची पद्धत इथेही कामी येते : ‘बौद्ध’ हे उत्तर जसेच्या तसे राहील, आणि अनुसूचित जातीत मोजणी हवी आहे का, हा स्वतंत्र प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारला जाईल.

‘जात नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायची नाही’ यांना तीन वेगळे कोड द्या. २०११ च्या जातनिहाय गणनेत महाराष्ट्रात १.१७ कोटी लोकांची जात ‘नाही’ अशी नोंद झाली. त्यांत जात नाकारणारे किती आणि प्रश्नच न विचारले गेलेले किती, हे आता कोणालाही काढता येणार नाही. कुटुंबप्रमुखाची जात बाकी सदस्यांना आपोआप लावणारी सोय अ‍ॅपमध्ये असेल तर ती काढून टाका. आंतरजातीय विवाहाने बायकोची जात बदलत नाही; त्या एका बटणाने ती बदलेल.

आता लिंगओळख. २००१ पर्यंत हिजड्यांची नोंद ‘पुरुष’ अशी करण्याच्या सूचना होत्या. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ हा तिसरा कोड आला, देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ नोंदी झाल्या. मग प्राथमिक गोषवाऱ्याच्या तक्त्यांत त्या पुन्हा पुरुषांमध्येच मिळवल्या गेल्या. या ‘इतर’ नोंदींतली ५४,८५४ मुले शून्य ते सहा वयोगटातली होती. ती कोणी सांगितली, आई-बापांनी की चुकून दाबलेल्या कोडने? गणित करून पाहा. १२१ कोटींच्या नोंदीत दहा हजारांमागे एकच नोंद चुकून तिसऱ्या कोडवर गेली, तरी १.२१ लाख खोट्या नोंदी होतात, म्हणजे एकूण आकड्याचा चौथा हिस्सा. मोठ्या गटात ही चूक जाणवतही नाही, लहान गट त्यात बुडून जातो. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत लिंगओळखीचा प्रश्न इतका किचकट शब्दांत होता की इंग्रजी कच्चे असलेल्या काहींनी तो उलटा समजून घेतला, आणि पुढे त्या आकडेवारीचा अधिकृत दर्जा खाली आणावा लागला.

तिसरा कोड निवडला की ‘नक्की का?’ असा इशारा अ‍ॅपने द्यावा, असे सुचवले जाईल. तसे करू नका. इशारा फक्त तिसऱ्या कोडवर आला तर कटकट नको म्हणून प्रगणक पहिला, म्हणजे ‘पुरुष’, कोड दाबायला शिकतो. त्यापेक्षा शेवटी घरातल्या प्रत्येकाची पूर्ण नोंद वाचून दाखवावी, सगळ्यांसाठी सारखीच. शक्य असेल तिथे प्रौढ व्यक्तीचे उत्तर तिच्याकडूनच घ्यावे; घरच्यांनी लपवलेली ओळख कुटुंबप्रमुख सांगणार नाही. आणि तिसऱ्या कोडच्या बेरजेला ‘देशातील पारलिंगी (ट्रान्सजेंडर) लोकसंख्या’ असे नाव देऊ नका. स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणून नोंदवणाऱ्या पारलिंगी व्यक्ती त्यात नसतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने तो हक्क त्यांना दिलेला आहे. गाव पातळीवर एखादीच नोंद असेल तर ती व्यक्ती ओळखू येते, म्हणून तिथे आकडा झाकणे योग्यच. तालुका आणि जिल्हा पातळीवर मात्र तो स्वतंत्र छापा, पुरुषांत मिळवू नका.

राहिली सुटलेल्यांची बाब. २०११ च्या गणनोत्तर पाहणीत, म्हणजे मोजणीनंतर काही नमुना भागांत केलेल्या फेरतपासणीत, हजारी २३ माणसे मोजणीतून निसटल्याचे आढळले. हे प्रमाण सगळ्या समूहांत सारखे असेल, असे मानायला काहीच आधार नाही. पालावर राहणारी भटकी कुटुंबे बेघरांच्या एका रात्रीच्या मोजणीत सापडली तर सापडली. या वेळच्या गणनोत्तर पाहणीचा नमुना भटके-विमुक्त वस्त्या, पाडे आणि तृतीयपंथीयांचे डेरे यांत मुद्दाम मोठा घ्या, आणि निसटल्याचे प्रमाण प्रवर्गवार छापा. राज्यनिहाय जातींची कोडयादी, तिच्यातली समानार्थी नावे आणि ती कोणत्या कोडखाली घातली, हे सगळे प्रगणकांचे प्रशिक्षण सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी मराठीसह सर्व भाषांत जाहीर करा आणि हरकती मागवा. गणना झाल्यावर आलेली हरकत न्यायालयात जाते. आधी आलेली यादीतच दुरुस्त होते.

आपले,
लोकसंख्याशास्त्र आणि पाहणीच्या क्षेत्रात काम करणारे काही नागरिक