डाव संपल्यावर दोन पट मोकळे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या नौपाड्यात बुद्धिबळाच्या क्लासच्या पाट्या वाढल्या आहेत. याचा मला आनंदच आहे. पण परवा घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत लहान मुलांची स्पर्धा पाहून आले आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी शाळेत असताना स्पर्धा खेळले आहे. फार मोठी खेळाडू होते असं नाही, कुणाला नाव आठवण्याचं कारण नाही. खेळ शिकवला आजोबांनी, आणि तोही देशी पद्धतीने. म्हणजे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार, आणि राजाला, शह बसलेला नसेल तर, डावात एकदा घोड्याची चाल करता येणार. सहावीत शाळेच्या निवड फेरीत मी बेधडक राजा उचलून अडीच घरं उडवला. समोरची मुलगी बघतच राहिली. सर म्हणाले, "हे काय गं, राजा घोड्यावर बसला की काय?" सगळा वर्ग हसला. त्या दिवशी घरी जाऊन आजोबांशी मी बोलले नाही. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, काय असतो ते वडिलांनी रात्री शिकवलं, आणि आजोबा पलीकडून "हे विलायती थेर" म्हणत ऐकत होते.

स्पर्धेत जायचं ठरलं तेव्हा आजीचा विरोध होता. दिवसभर मुलांच्यात जाऊन बसायचं म्हणजे काय? आईने तिला खाडिलकर भगिनींची गोष्ट सांगितली. वासंती, जयश्री, रोहिणी, तिघी राष्ट्रीय विजेत्या. त्यातली रोहिणी १९७६ मध्ये तेराव्या वर्षी महिलांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढे ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना अडवता येणार नाही. आजीला युवे कोण ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण हायकोर्ट म्हटल्यावर ती गप्प झाली.

१९८४ चा डिसेंबर. शनिवार-रविवार, सात फेऱ्यांची स्विस लीग, म्हणजे हरलं तरी बाद नाही, दर फेरीला साधारण सारख्या गुणांचा प्रतिस्पर्धी, ठाण्यातल्याच एका शाळेचा हॉल. चाळीसेक मुलं आणि आम्ही दोन मुली. बाकं जोडून टेबलं केलेली. पट रेक्झिनचे, गुंडाळून गुंडाळून टोकं वर आलेली, त्यावर दोन्ही बाजूंना कंपासपेट्या ठेवायच्या. आमच्या पटावर एक काळं प्यादं नव्हतं, त्याच्या जागी शाईच्या पेनाचं टोपण उभं केलं होतं. घड्याळं सगळी मिळून तीन, ती पहिल्या तीन पटांना. झेंडा पडणं, म्हणजे घड्याळातली वेळ संपणं, काय असतं ते बाकीच्यांनी फक्त लांबून बघायचं. आमचा डाव फार लांबला की पंच येऊन उभे राहत आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ दाखवत. चाली मात्र लिहाव्याच लागत.

सहाव्या फेरीत समोर कोपरीचा एक मुलगा आला. दहावीचा असावा, हाफ पँट, शर्टाच्या खिशात डबलरुळी कागदाची घडी. मला साडेतीन गुण होते, त्यालाही तेवढेच. वजीर, हत्ती, सगळं मारलं गेलं आणि शेवटी माझ्याकडे राजा आणि एक प्यादं, त्याच्याकडे नुसता राजा. मी मनातल्या मनात जिंकलेच होते. प्यादं सुसाट पुढे ढकललं, राजा त्याच्या मागून पळतोय. सातव्या घरात प्यादं पोचलं, माझा राजा त्याच्या पाठीशी, त्याचा राजा थेट समोर. आणि त्याची चाल. तो शांतपणे म्हणाला, "मला चालच नाही." शह नाही आणि चालही नाही, म्हणजे स्टेलमेट. पंचांनी अर्धा-अर्धा गुण लिहिला.

मला रडू येत होतं. त्या हिवाळ्यात मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांचा जगज्जेतेपदाचा सामना चालू होता. वडील रोज पेपर उघडून "आजही बरोबरी!" म्हणत. पुढे फेब्रुवारीत तो सामना अठ्ठेचाळीस डावांनंतर निकालाविनाच थांबवला, त्यातले चाळीस बरोबरीत. तेव्हा बरोबरीत लाजण्यासारखं काही नाही हे मला कळायला हवं होतं. पण तेरा-चौदाव्या वर्षी हातचा डाव गेला की गेला.

तो मुलगा उठला नाही. म्हणाला, "थांब, परत लावू." पटावर फक्त दोन राजे आणि माझं प्यादं ठेवलं. माझा राजा उचलून प्याद्याच्या दोन घरं पुढे नेला, आणि दोघांचे राजे समोरासमोर, मध्ये एक घर मोकळं. "आता तुझी चाल आहे. राजा हलवलास तर मी वाचतो. म्हणून राजा हलवायचा नाही, मागचं प्यादं एक घर सरकव." मी सरकवलं. "आता माझी चाल. मला बाजूला व्हावंच लागणार." त्याने राजा डावीकडे घेतला, माझा उजवीकडून आत शिरला. "प्यादं आधी पळवायचं नाही. त्याची एक चाल खिशात ठेवायची." मग आम्ही बाजू बदलल्या. त्याने मला तीनदा अडवायला लावलं, तीनदा मी हरले. त्याच्या खिशातल्या कागदावर असेच शेवटाचे डाव होते, पेन्सिलने काढलेले. बाजूला दोन-तीन मुलं येऊन उभी राहिली होती. सातव्या फेरीची नावं पुकारली तेव्हा कुठे आम्ही उठलो.

तो पुन्हा कधी भेटला नाही. त्याचं नावही मी त्या डावाच्या चाली लिहिल्या त्या कागदावर होतं, तो कागद २००५ च्या पावसात माळ्यावर भिजून लगदा झाला.

आता परवाचं. माझ्या भाचीचा मुलगा, नऊ वर्षांचा, मला मावशीआजी म्हणतो. क्लबहाऊसमध्ये एसी, प्रत्येक पटाला डिजिटल घड्याळ, आणि मुली निम्म्या नसल्या तरी जवळपास तेवढ्या. हे सगळं आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, उगाच नाक मुरडणार नाही. स्पर्धा जलद, पंधरा मिनिटांची. जलद डावात चाली लिहिण्याची सक्ती नसते, त्यामुळे कुणी लिहीत नव्हतं. चिरंजीव हरले, समोरच्याशी हात मिळवला आणि दोघं दोन दिशांना पळाले, आपापल्या बाबांकडे. याचे बाबा मोबाईल काढून तयारच होते: "सांग, कुठे चुकलास? चाली सांग, इंजिनला विचारू." इंजिन म्हणजे मोबाईलमधला बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम. त्याला आठ-दहा चालींपुढे काही आठवेना. बाबा वैतागले. ज्या मुलाला सगळं ठाऊक होतं तो वीस पावलांवर वडापाव खात उभा होता.

मी संयोजकांना विचारलं, डाव झाल्यावर मुलांना परत मांडून बघायला जागा आहे का? ते भले गृहस्थ होते. म्हणाले, पुढची फेरी वेळेवर लावायची असते, पट लगेच रिकामे लागतात. त्यांची अडचण खरी आहे. शंभर मुलं, एक दिवस, संध्याकाळी बक्षीस समारंभ.

म्हणून आपल्या सदरातून ठाणे-नवी मुंबईत शालेय स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती आहे. हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल आणि दोन जादा पट ठेवा, घड्याळाशिवाय. पालकांना त्या टेबलापासून लांब उभं करा. आणि दिवसातून निदान एक फेरी अशी ठेवा, जिच्यात चाली लिहाव्या लागतील. पटांची सोय होत नसेल तर माझे दोन द्यायला तयार आहे. एकातल्या काळ्या घोड्याचा कान तुटलेला आहे, पण प्यादी सगळी आहेत, मी मोजली.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
नौपाडा, ठाणे (प.)