रोजची भाकर

स्टुटगार्ट,
29 मे 2025, स्वर्गारोहण दिन

तीर्थरूप पप्पांस,
प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

आज इकडे सुट्टी आहे. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी येणारा हा स्वर्गारोहणाचा गुरुवार जर्मनीत वडिलांचा दिवस म्हणूनही पाळला जातो. सकाळची उपासना आटोपून परतताना पुरुषमंडळींचे एक टोळके लाकडी हातगाडीत बिअरची खोकी भरून, गाणी म्हणत टेकडीकडे निघालेले दिसले. तुम्ही सोबत असता तर पवित्र शास्त्र काखेत घट्ट धरून रस्ता ओलांडला असता.

तुमची नात आता चार महिन्यांची झाली आहे. मी दोन महिन्यांची रजा घेतली आहे. आईवडील दोघांनीही रजा वाटून घेतली, तर सरकार दोघांना मिळून 14 महिने भत्ता देते. तो नेहमीच्या निव्वळ पगाराच्या सुमारे 65 टक्के असतो. तुम्हाला मात्र माझ्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी शाळेत हजर व्हावे लागले होते, असे आई सांगते.

रात्री तीनच्या सुमारास लेक उठते. सूनबाईला झोपू देऊन मी तिला खांद्यावर घेतो आणि स्वयंपाकघरात फेऱ्या मारतो. अंगाईगीत एकही धड पाठ नाही, म्हणून प्रभूची प्रार्थनाच हलक्या आवाजात म्हणतो. इथल्या मंडळीत ती मी जर्मनमध्ये म्हणतो, शब्दही आता अडखळत नाहीत. पण 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' हे मराठी वाक्य आले, की मी नकळत थांबतो. परवा लक्षात आले, की ही सवय तुमची आहे.

नगरच्या घरी रात्रीच्या कौटुंबिक उपासनेत तुम्ही त्या वाक्यानंतर नेहमी थांबत होता. आम्ही भावंडे एक डोळा उघडून तुमच्याकडे पाहत असू, कारण समोर ताटे झाकून ठेवलेली असायची आणि पोटात कावळे ओरडत असायचे. तुम्ही पुढचे विसरलात, असे मी तेव्हा समजत होतो. तुमची शाळा विनाअनुदानित होती, त्या काळात कित्येक महिने पगार झाला नव्हता आणि वाण्याची उधारी वहीची दोन पाने भरून होती, हे मला आईने माझ्या लग्नानंतर सांगितले. प्रार्थनेतले पुढचेच वाक्य ऋण सोडण्याचे आहे. ते म्हणण्यापूर्वी तुम्हाला दम घ्यावा लागत असेल, हे मला तेव्हा कुठून कळावे! उलट, वार्षिक परीक्षा तोंडावर असतानाही उपासनेला बसवता, म्हणून मी तुमच्यावर धुसफुसत असे. त्याबद्दल आज क्षमा मागतो.

इथल्या पाळकसाहेबांनी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची ख्रिस्ती शिकवणीची 1529 सालची लहान प्रश्नोत्तरी मला वाचायला दिली. रोजच्या भाकरीत काय काय येते, याची त्यात मोठी यादीच आहे: अन्न, वस्त्र, घर, शेत, गुरे, चांगले सरकार, चांगले हवामान आणि विश्वासू शेजारी सुद्धा. यादी मला आवडली, पण पटली अर्धीच. आपल्या घरी भाकर म्हणजे भाकरच होती. आईने तव्यावर टाकलेली, एक बाजू किंचित करपलेली बाजरीची, आणि ती परातीत शेवटची उरली, की तुम्हाला भूक नसायची.

या प्रार्थनेत आपण देवाला पिता म्हणून हाक मारतो, पण उपासनेत तुम्ही पेटीवर वाजवत होता त्या भजनांत नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटले आहे. बाप आणि माउली एकाच ठिकाणी कसे, हा प्रश्न मला शाळेत पडत असे. हल्ली पडत नाही. लेकीचे ढेकर काढताना खांदा ओला झाला, की आपण दोघांपैकी कोण आहोत, याचा विचार करायला उसंत मिळत नाही.

बाप्तिस्मा इथे करावा, की नाताळात नगरला आल्यावर आपल्या मंडळीत, असे तुम्ही मागच्या वेळी विचारले होते. तो नगरलाच करू, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. तिला तुम्हीच हातांवर घेऊन वेदीपाशी उभे राहावे. तुमचे गुडघे दुखतात, हे माहीत आहे. मी शेजारी उभा असेन.

तोपर्यंत एक काम करावे. धाकट्याच्या मोबाइलवर प्रभूची प्रार्थना तुमच्या आवाजात भरून मला पाठवावी. मधले थांबणे निरर्थक समजून तो ते कापून टाकील, त्याला तसे करू देऊ नये.

आईला व सर्वांना सलाम. थंडी गेली, काळजी नसावी.

तुमचा आज्ञाधारक,
थोरला