लिहून दिल्याशिवाय पोरं काय बोलणार?

सांगली

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी सांगितलं की शाळेतल्या पोरांचं नाटक आधी संवाद लिहून न देता बसवतेय, तेव्हा बाबांनी विचारलं, "लिवन दिल्याशिवाय पोरां काय बोलतली?" तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि बोलणं राहून गेलं. म्हणून आज सवडीने लिहिते.

बाबा, याचं उत्तर मी तुमच्याच बोटाला धरून पाहिलंय. जत्रेत दशावताराचा खेळ सुरू व्हायच्या आधी तुम्ही मला पडद्यामागे न्यायचात. मंडळी पेट्यांवर बसून आपापला चेहरा रंगवत असायची. आज आख्यान कुठलं, कोण कुठल्या भूमिकेत, गोष्ट कुठून कुठे न्यायची, एवढंच ठरायचं. हातात कागद कुणाच्याच नसायचा. आणि एकदा सुरुवातीचा संकासूर राक्षस येऊन गेला, आख्यान लागलं, की राजे-राण्या पहाटेपर्यंत भांडायच्या, समजूत घालायच्या, आपल्याला रडवायच्या. सांगलीत तरी वेगळं काय झालं? 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं, त्यातही सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं त्या क्षणी करायची. आपण ज्या दिवसाला मराठी रंगभूमी दिन म्हणतो, त्या दिवशीच्या नटांनाही संवाद लिहून मिळाले नव्हते.

माझ्या सातवी-आठवीच्या मुलांनी यंदा विषय निवडलाय महापुराचा. ऑगस्ट 2019 मध्ये ही पोरं पहिली-दुसरीत होती. पावसाळ्यात सांगलीत लोक एकमेकांना भेटले की पहिलं विचारतात, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी 57 च्या वर गेलं होतं. यावरूनच आमचा पहिला खेळ निघाला. वर्गातले बाक भिंतीला लावले. एकाने फूट पुकारायचे, बाकीच्यांनी आकडा वाढेल तसं घरातलं सामान वर चढवायचं. आधी जमिनीवरून कॉटवर, मग टेबलावर, मग माळ्यावर. हातात खरी वस्तू एकही नाही. पण तांदळाचं पोतं उचलणाऱ्याची पाठ वेगळी वाकते आणि देवातली मूर्ती उचलणारीचे हात वेगळे होतात, हे मला शिकवावं लागलं नाही. पन्नासच्या पुढे पुकारणाऱ्या मुलाचा आवाज आपोआप खाली आला. तेही मी सांगितलं नव्हतं.

एक नियम मात्र मी पहिल्या दिवशीच घातला. स्वतःच्या घरचं स्वतः करायचं नाही. आपली आठवण दुसऱ्याला द्यायची, त्याने ती करून दाखवायची. काहींची घरं खरोखर गेली आहेत, जनावरं गेली आहेत. टाळ्यांसाठी कुणाच्या दुःखाला हात घालायचा मला अधिकार नाही.

यातून एक प्रसंग उभा राहिला. आजी घर सोडायला तयार नाही आणि नातू तिला न्यायला आलाय. आजी झालेली मुलगी वर्गात हजेरीला 'हजर'सुद्धा पुटपुटते. नातू म्हणाला, "आज्जी, चल की. बोट परत यायची न्हाई." ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कोंबड्या सोडल्यास का?" बाबा, हे वाक्य मला टेबलाशी बसून जन्मात सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा केला आणि तो साफ फसला. शब्द तेच होते, पण नातवाला उत्तर आधीच ठाऊक, त्यामुळे तो ऐकतच नव्हता, आपली पाळी कधी येते त्याची वाट बघत होता. मग मी आजीच्या कानात सांगितलं, आज कोंबड्यांचं विचारू नकोस, दुसरंच काहीतरी विचार. तिने आजोबांच्या फोटोचं विचारलं आणि पोरगा गडबडला, थांबला, खरोखर तिच्याकडे बघायला लागला. मुलांना नाटक शिकवायचं म्हणजे माझ्या मते एवढंच शिकवायचं असतं, समोरच्याचं ऐकायला. पाठांतर त्यांना शाळा भरपूर देते. संहिता होईलच. मुलं बोलतात तसं मी वहीत टिपून ठेवते आणि जे पाच-सहा वेळा टिकतं तेच पक्कं करते.

आई, तुझं म्हणणं वेगळं होतं. लहान मुलांच्या नाटकात राक्षस, चेटकीण, राजकन्या हवी, हे पुराचं रडगाणं कशाला? राक्षस-चेटकीण मलाही हवेत. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये मुलांच्या नाटकांसाठी लिटल थिएटर काढलं, मग रत्नाकर मतकरींची बालनाट्यं आली, त्यांनी मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या आनंदात नेल्या. पण डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स या मुलांच्या नाट्यसंस्थेची नाटकं पुण्यात आणली, त्यांनी दुसरी वाट दाखवली. मुलांचे खरे प्रश्न मुलांच्या बाजूने रंगमंचावर मांडायची. तिथे मोठी माणसं लहान मुलं होतात, आमच्याकडे लहान मुलं आजी, तलाठी, बोटवाला होतात. आणि रडगाणं नाही गं. माळ्यावर चढवलेला टीव्ही आणि त्याच्याशेजारी बसलेलं मांजर, यावर पोरं हसून लोळतात.

आता कामाचं. पाण्यासाठी मी निळं कापड आणलं होतं. मुलांनी ते बघितलं आणि साफ नाकारलं. "मॅडम, पाणी निळं कुठं होतं? मातकट होतं." त्यांचंच खरं. तेव्हा आई, तुझ्या जुन्या सुती साड्यांमधल्या विटकरी, मातकट रंगाच्या असतील त्या पाठव. विटलेल्या असल्या तर जास्त बऱ्या. काठ काढू नकोस, पोरं तेही वापरतील. कुडाळ स्टँडवरून एसटीच्या पार्सलने टाका, मी इथे सोडवून घेईन.

बाबा, प्रयोग डिसेंबरात गॅदरिंगला आहे. तेव्हा तिकडे जत्रांचे दिवस, हे माहीत आहे. तरीही दोन दिवस काढून याच, आणि आदल्या दिवशी तालमीला बसा. दशावतारातला राजा बोलता बोलता अडला की समोरचा त्याला कसा सावरून घेतो, ते पोरांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. मी त्यांना तसं सांगून ठेवलंय.

गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
बाय