मानेवरचा घाम ओळखणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पण खिडकीजवळच्या खाटेवरची वाळपईची आजी म्हटलं की तुम्हाला आठवेल. मी तिची मुलगी. डिस्चार्जच्या दिवशी तुमची ड्युटी नव्हती, आणि आभार मानायचे राहूनच गेले.

आषाढातली रात्र. तापाने आईचं जेवण तुटलं होतं. संध्याकाळी जेमतेम दोन चमचे पेज पोटात गेली. पण मधुमेहाची गोळी चुकवायची नाही हे माझ्या डोक्यात पक्कं. घरून आणलेली ग्लिमेपिराइड मी तिला दिली, कुणालाही न विचारता. मध्यरात्रीनंतर ती शांत झाली. मला वाटलं, ताप उतरला, एकदाचा डोळा लागला.

दोन वाजता तुम्ही ताप बघायला आलात. 98. तेवढं लिहून पुढच्या खाटेकडे जाता आलं असतं. तुम्ही तिच्या मानेखाली हात घातलात आणि तिथेच थांबलात. मान गार, घामाने चिंब. "आजी, नाव सांगा बघू." आईने तिच्या वारलेल्या बहिणीचं नाव सांगितलं. "बाय, रात्री ही जेवली काय? गोळी दिली?" मी हो म्हणेपर्यंत तुम्ही बोटाला सुई टोचलीही होती. रक्तातली साखर 41, धोक्याइतकी कमी.

मी साखरपाण्याचा चमचा घेऊन धावले, तर तुम्ही माझा हात धरलात. ग्लानीतल्या माणसाला पाजलं तर पाणी श्वासनळीत जातं, हे मला कुठे ठाऊक! डॉक्टर आले, शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, गेलं, आणि थोड्या वेळाने आई मलाच विचारत होती, "तू जेवलीस गे?"

मला वाटलं, संपलं. तुम्ही मात्र दर अर्ध्या तासाने साखर बघत राहिलात. चार वाजता पुन्हा 58. मग सलाइनचा वेग लावता लावता तुम्ही मला समजावलंत: ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहते, मूत्रपिंडं थकलेली असली तर जास्तच वेळ; शिरेतून दिलेल्या साखरेचा जोर त्याआधीच ओसरतो. शिवाय साखर उतरली की होणारी छातीची धडधड, हाताची थरथर आईच्या रक्तदाबाच्या अटेनोलॉल गोळीने दबते. घाम दबत नाही. म्हणून तुमचा हात मानेवर थांबला होता. माझ्या चुकीबद्दल एका शब्दाने बोलला नाहीत.

सिस्टर म्हणजे मायेचा हात, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. माया तुमच्यात होतीच. पण त्या हाताला काय शोधायचं ते माहीत होतं, आणि माझी आई त्या माहितीमुळे आज घरी आहे. हे मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

डॉक्टरांनी गोळी बदलली आहे. आता आई आधी जेवते, मग गोळी. ताप आला, जेवण तुटलं, तर मी आधी फोन करून विचारते. चवथीला नेवऱ्यांचा पहिला डबा तुमच्याकडे पोचवायचा, असं तिने बजावलंय. तुम्ही रात्रपाळीला असाल तर वॉर्डातच घेऊन येईन.

तुमची,
आजीची मुलगी