अटॅकच्या आधी एक फोन हवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूरु

सादर नमस्कार.

पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेबद्दल आधी आपले आभार. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काढलेला ईसीजी दूरवरचे तज्ज्ञ पाहतात आणि गरज असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेजचं महागडं इंजेक्शन तिथेच मोफत मिळतं. ज्यांना बेळगाव गाठेपर्यंत वेळ नसतो, त्यांचे जीव यामुळे वाचतात. पण साहेब, अशीच दूरून मिळणारी मदत अटॅक येण्याआधीच्या वर्षांत का मिळू नये?

खानापूर तालुक्यात मी मेडिकल चालवते. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. काउंटरवर माणूस खिशातून कापलेली पट्टी काढतो, "हीच द्या, पाच." पट्टी अशी कापलेली की गोळीचं नाव गेलेलं, मागे अर्धी तारीख तेवढी उरलेली. विचारपूस केल्यावर कळतं, बीपीची गोळी. रोज घेता का? "चक्कर आली की घेतो." एका आजींनी पायाला सूज आली म्हणून अम्लोडिपिन ही बीपीची गोळी परस्पर बंद केली. अशी सूज त्या गोळीने येते, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. डोस कमी करून किंवा गोळी बदलून ते वाट काढतात. पण आजी दवाखान्यात परत गेल्याच नाहीत, कारण वाढलेलं बीपी दुखत नाही. आणखी एकाकडे बेळगावच्या डॉक्टरांनी दिलेली टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी आणि गोव्यात कामाला असलेल्या मुलाने तिकडून पाठवलेलीही टेल्मिसार्टनच. कंपनी वेगळी, पट्टीवरचं नाव वेगळं, औषध एकच, आणि दोन्ही चालू. वर गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, जे बीपी चढवतं आणि किडनीला त्रास देतं.

यात गावातल्या डॉक्टरांना दोष देऊन चालणार नाही. लहान दवाखान्यात एकच डॉक्टर, सोबत फार तर एक कंपाउंडर. बाहेर ताप-खोकल्याची रांग असताना जुन्या बीपी-शुगरवाल्याची सगळी औषधं पिशवीतून काढून तपासायला त्यांनी वेळ कुठून आणायचा? आणि जो आलाच नाही, त्याला फोन कोण करणार?

हे काम फार्मासिस्ट करू शकतो, आणि तेही दूर बसून. बेळगावला जिल्हा पातळीवर एक कक्ष असावा. आजूबाजूची प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि ज्यांची इच्छा असेल ते खासगी दवाखाने त्याला जोडावेत. रुग्णाच्या संमतीने तिथल्या फार्मासिस्टाने बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, किडनीची तपासणी आणि चालू असलेली प्रत्येक गोळी एकत्र पाहावी, महिन्याला रुग्णाला फोन करावा आणि डॉक्टरांना चार ओळींची सूचना लिहून पाठवावी. औषध बदलायचं की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. फार्मसी कौन्सिलच्या 2015 च्या नियमांत चिठ्ठी तपासणं आणि रुग्णाचं समुपदेशन करणं ही फार्मासिस्टाची कामं मानली आहेत. आम्हा फार्मासिस्टांकडून मात्र फक्त गोळ्या मोजून घेतल्या जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 2008 पासून देशात सहा वर्षांचा फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम आहे, तो बेळगावातही शिकवला जातो. ही शिकलेली मुलं आपल्या दाराशी आहेत.

अमेरिकेत मिनेसोटात हे करून पाहिलं गेलं आहे. 16 दवाखान्यांतले 450 रुग्ण; त्यातल्या काहींना घरी बीपी मोजायचं यंत्र दिलं, आकडे फार्मासिस्टाकडे जात आणि तो फोनवरून उपचार पुढे नेई. 2013 मध्ये निकाल छापून आले. सहा महिन्यांनी या गटातल्या 71.8 टक्के लोकांचं बीपी आटोक्यात होतं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 45.2 टक्के. तिथल्या फार्मासिस्टांना ठरलेल्या चौकटीत औषध बदलायची मुभा होती, इथे ती नाही. म्हणून इथे सूचना डॉक्टरांपर्यंत त्याच दिवशी पोचली पाहिजे.

आरोग्य सल्ल्यासाठी 104 क्रमांक आहेच, असं कुणी म्हणेल. पण तिथे रुग्णाने फोन करायचा असतो, आणि ज्याला काही दुखत नाही तो फोन करत नाही. गृह आरोग्य योजनेत घरोघरी बीपी-शुगर तपासली जाते, हे चांगलंच आहे. त्या तपासणीत सापडलेल्या माणसाची पुढची वर्षं कुणावर तरी सोपवायला हवीत.

दोन गोष्टी मात्र सुरुवातीपासूनच ठरवा. पहिली, जांबोटी-कणकुंबीच्या म्हाताऱ्या माणसांशी मराठीतच बोलावं लागेल. "जेवणाआधी की नंतर" हे परक्या भाषेत कळलं नाही तर लाजेने ती "हो हो" म्हणतात आणि फोन ठेवतात. कन्नड घरांत कन्नडमध्ये, मराठी घरांत मराठीत बोलणारी माणसं त्या कक्षात नेमा. दुसरी, भीमगडच्या जंगलातल्या गावांत रेंजचा भरवसा नाही, पावसाळ्यात तर रस्त्याचाही नाही. तिथे आशाताईंनी महिन्याचे आकडे लिहून आणावेत आणि निरोप परत न्यावा. या कामाचा त्यांना वेगळा मोबदला द्यावा.

सुरुवात खानापूर तालुक्यातून करा. वर्षभराने किती जणांचं बीपी 140/90 च्या खाली आलं आणि किती जणांनी गोळ्या मध्येच सोडल्या, हे दोनच आकडे जाहीर करा. हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्णसौध विधानभवनात याल तेव्हा पंधरा मिनिटं द्यावीत, ही विनंती. तालुक्यातले एक-दोन डॉक्टर आणि मी, लिहून काढलेला आराखडा घेऊन येऊ.

आपली विश्वासू,
एक फार्मासिस्ट, खानापूर तालुका, जि. बेळगाव